खारे वारे, मतलई वारे आणि बाबा

वीकेंडला पुन्हा लोणावळा? पुन्हा तेच मॅगी पॉइंट, तीच भुट्टा-चटणी? थांबा! मुंबईच्या कुशीत बेटांनी भरलेला एक अख्खा उपसागर पडलाय आणि तो शिडाच्या बोटीतून बघता येतो. इंजिन बंद, मोबाइल सायलेंट आणि शिडात वारा. या अंकासाठी आम्ही दोन दिवस तिथे होतो. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझे बाबा!

सहावीच्या भूगोलात एक प्रश्न हमखास यायचा. खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. मार्क्स दोन. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. हे उत्तर मी इतक्या वेळा घोकलंय की झोपेतून उठवून विचारा, सांगेन. गंमत म्हणजे आमच्या किनवटपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेपाचशे किलोमीटर. आमच्याकडे सागवानाचं जंगल, सहस्रकुंडचा धबधबा आणि पैनगंगा. मतलई वारा कुणाच्या बापाने पाहिला होता?

तर माझ्या बापाने पाहिला. यंदाच्या जानेवारीत. वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

झालं असं की नात्यातल्या एका लग्नासाठी बाबा नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला आले होते. मी घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये राहतो आणि फ्रीलान्स लिहितो. ‘फ्रीलान्स’ हा शब्द मी बाबांना गेली पाच वर्षं समजावतोय. बाबा सुतार. दार, चौकट, पलंग, कधी काळी बैलगाड्यासुद्धा. त्यांच्या हिशेबाने काम म्हणजे जे संध्याकाळी हाताने चाचपून बघता येतं. माझं कसलं काम! लग्न उरकल्यावर ते म्हणाले, “शनवारी काय करायलास?”

“काम आहे. बोटीवर जायचंय. शिडाच्या.”

“ते काम आहे व्हय?”

“हो. त्यावर लिहायचंय.”

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चल, मी बी येतो. बघू तरी तुझं काम काय असतंय ते.”

मी चाटच पडलो. कारण आमच्या घरात पाण्याचं नाव काढायचं नाही, असा अलिखित नियम. माझा एक काका, बाबांचा धाकटा भाऊ, माझ्या जन्माआधी पैनगंगेच्या पुरात वाहून गेला. सापडला नाही. त्यानंतर बाबा कधी नदीत उतरले नाहीत आणि मलाही उतरू दिलं नाही. सगळी पोरं डोहात उड्या मारायची तेव्हा मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळायचो. आजही मला पोहता येत नाही. हा माणूस आपणहून म्हणतोय, चल!

“आईला सांगू नको,” एवढंच वर बोलले.

सकाळी आठ : मतलई

गेटवेवरून पहिली बोट पकडून आम्ही मांडव्याला पोचलो. तिथे आमची बोट उभी होती. चोवीस फुटी, फायबरची, पांढरीशुभ्र, दोन शिडांची. तांडेल थळचा. पस्तिशीचा गडी, बापजाद्यांपासून मासेमारी, हा आता सीझनमध्ये सेलिंग शिकवतो. त्याने आधी आमच्या अंगात लाइफ जॅकेट चढवली. बाबांनी तिन्ही बकलं स्वतः ओढून तपासली. मग माझी तपासली. मग तांडेलाचीही!

आता थोडं गणित. सेलिंगचा पहिला फंडा म्हणजे वारा कुठून आणि भरती कधी. नोव्हेंबर ते मे या काळात या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून हलका वारा सुटतो. तोच मतलई. दहा-अकराला तो दम तोडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो आणि संध्याकाळपर्यंत चांगला जोर धरतो. म्हणजे सकाळी मतलई घेऊन बाहेर पडायचं आणि दुपारी खारा घेऊन आत यायचं. शेकडो वर्षं कोळ्यांच्या होड्यांनी हेच केलं. हवामानाचं अॅप तर काल आलं.

आणि भरती? तांडेल म्हणाला, “आज षष्ठी. तिथीची पाऊणपट करायची काका, भरतीची वेळ मिळते.”

मी मोबाइल काढेपर्यंत बाबा बोलून गेले, “सहा पाऊण साडेचार.”

तांडेल बघतच राहिला. बाबांच्या आजोबांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती. लाकडाच्या हिशेबाला लागायची. ती थेट समुद्रात उपयोगी पडली. साडेचारला पूर्ण भरती, म्हणजे साधारण सहा तास मागे, सव्वादहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तिथून पुढे पाणी बंदराच्या आत वाहणार, म्हणजे परतताना आम्हाला फुकटची लिफ्ट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्यावर हा ठोकताळा बऱ्यापैकी जुळतो. करून बघा!

शिडं वर चढली. तांडेलाने इंजिन बंद केलं आणि एकदम शांतता. हा क्षण सांगून कळत नाही. तुम्ही पुढे जाताय, पण आवाज फक्त पाण्याचा. मग बोट एका बाजूला कलली आणि बाबांनी कठडा असा पकडला की बोटं पांढरी पडली.

“काका, उलटत नाय ही,” तांडेल म्हणाला. “खाली पाण्यात कील आहे. शिशाचं वजन. वाऱ्याने किती बी झोपवली तरी खालचं वजन उभी करतं.”

बाबांनी विचार केला. “म्हणजे ओळंबाच की!”

“हां, तसंच.”

ओळंब्यावर बाबांचा विश्वास आहे. हाताची पकड जरा सैल झाली. मग नजर हातातल्या कठड्यावर गेली. बोट सगळी फायबरची, पण केबिनच्या छतावरचे धरायचे दांडे लाकडी. त्यांनी नख लावलं, वास घेतला. “सागवान,” म्हणाले. “पण आपल्याकडचं नाही हे.” तांडेलाला माहीत नव्हतं. पण बाबा त्यानंतर दिवसभर त्याच दांड्याला धरून बसले. ओळखीचं माणूस भेटलं होतं ना!

दहा वाजता : खांदेरी

मुंबईचं बंदर म्हणजे नेमकं काय, हे नकाशात बघितल्याशिवाय कळत नाही. पश्चिमेला कुलाब्यापर्यंत लांबत गेलेली मुंबई म्हणजे एक नैसर्गिक भिंतच. पूर्वेला उरण, करंजा, न्हावा-शेवा. वर ठाण्याची खाडी. तोंड फक्त दक्षिणेला उघडं. आत बेटंच बेटं : घारापुरी, बुचर आयलंड म्हणजे जवाहर द्वीप, क्रॉस आयलंड, मिडल ग्राउंड, ऑयस्टर रॉक. मुळात मुंबईच सात बेटांची. आपण रोज लोकलमध्ये लटकतो तेही बेटावरच की!

या तोंडाबाहेर दक्षिणेला थळसमोर दोन पहारेकरी बसलेत. खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला खांदेरीवर तट बांधायला पाठवलं. मुंबईतल्या इंग्रजांची झोपच उडाली, कारण इथे तोफा बसल्या की बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज नजरेच्या टप्प्यात येणार. त्यांनी जहाजं आणून नाकाबंदी केली. पण मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून, आणि त्यांना पाणीही खोल लागायचं. मराठ्यांच्या लहान, उथळ बोटी रात्री किनाऱ्यावरून निघायच्या आणि सामान टाकून परत यायच्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लढाई झाली, तिच्यात इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गलबत मराठ्यांनी पकडलं. पुढच्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारांत खांदेरी आहे.

आम्ही बेटावर उतरलो नाही, वळसा घातला. वर दीपगृह, खाली काळा तट. आत वेताळाचं देऊळ आहे. तांडेलाने वल्ह्याजवळची पिशवी उघडली, एक नारळ काढला आणि हात जोडून पाण्यात सोडला. बाबांनीही हात जोडले. ओठ हलत होते. माहूरच्या रेणुकामातेचं नाव घेत असणार.

आणि तेवढ्यात वारा मेला.

अकरा ते साडेबारा : काहीच नाही

ट्रॅव्हल ब्रोशरमध्ये हा भाग कुणी छापत नाही, म्हणून सांगतो. मतलई संपला आणि खारा अजून आला नाही, की मधे दीड-दोन तास काहीच नसतं. शिडं लुळी. पाणी तेलासारखं. ऊन डोक्यावर. बोट नुसती जागच्या जागी डुलते आणि पोटातला नाष्टा तिच्यासोबत! मला मळमळायला लागलं. डेडलाइन आठवली, ई-मेल आठवले. इंजिन चालू करू या का, असं मी दोनदा विचारलं.

“वारा येल,” तांडेल म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

बाबा पाण्याकडे बघत बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “आपली पैनगंगा इथं येती का रे?”

प्रश्नाचा अर्थ कळायला मला वेळ लागला. “नाही बाबा. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला. तिकडे बंगालच्या उपसागरात जाते. दुसरा समुद्र आहे तो.”

“हं.”

थोड्या वेळाने म्हणाले, “तेरा दिवस शोधलं आम्ही. पार खाली, पाणी पसरतंय तिथवर. मग तुझ्या आजीनं सांगितलं, बास करा. नदी समुद्रालाच देत असंल.” मग आणखी जरा वेळाने, “त्याला पोहायला मीच शिकवलं होतं.”

मला हे माहीत नव्हतं. बाबांना पोहता येतं हेच मला माहीत नव्हतं! अठ्ठावीस वर्षं मी समजत होतो की त्यांना पाण्याची भीती वाटते. काय बोलावं सुचेना. काहीच बोललो नाही. बोटीवर उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नसते, टीव्ही लावता येत नाही, फोनला रेंज नसते. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. तेवढं आम्ही घरी कधी बसलो नव्हतो.

साडेबाराच्या सुमारास वायव्येकडे पाण्याचा रंग बदलला. एक गडद पट्टा आमच्याकडे सरकत येत होता. तांडेल टोपीखालूनच म्हणाला, “आला.”

दुपारी एक : खारा!

शीड फट्कन भरलं, बोट कलली आणि आम्ही सुटलो. बाबांच्या डाव्या गालावर वारा, मागून भरती. पाच नॉट्स, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. हसू नका. सायकलचा स्पीड हा, पण बोटीत तो विमानासारखा वाटतो. माझी मळमळ कुठल्या कुठे पळाली.

उजव्या हाताला, रेवसच्या दिशेला तांडेलाने बोट दाखवलं. तिथला काशाचा खडक. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट याच भागात भर पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. बंदर आतून कितीही शांत दिसलं तरी ते समुद्रच आहे. लाइफ जॅकेटने फोटो खराब येतो म्हणणारे महाभाग आमच्या ओळखीत आहेत. त्यांना आमच्या बाबांकडे पाठवा.

हळूहळू डावीकडे प्राँग्जचं दीपगृह आलं, मग कुलाबा. बंदराच्या तोंडातून आत शिरलो आणि लाटा बसल्या. खोलीचं दार लावल्यावर बाहेरचा गोंगाट कमी व्हावा तसं. समोर घारापुरीचा जोडडोंगर, त्याच्याजवळ बुचर आयलंडच्या तेलाच्या टाक्या, त्याही मागे तुर्भ्याची टेकडी.

इथे तांडेलाने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. म्हणाला, ते मिडल ग्राउंडचं बेट दिसतंय ना, तिकडे सरळ न्या. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे डोक्याला कळलं पण हाताला कळेना. मागे वळून बघितलं तर आमची पाण्यातली रेघ म्हणजे नुसती नागीण.

“काका, तुम्ही बघा,” तांडेल म्हणाला.

बाबा नको नको म्हणाले. मग बसले. दांडा हातात घेतला, एक डोळा मिटला आणि मान जराशी खाली घातली. मी ही पोझ लहानपणापासून बघत आलोय. रंधा मारून झाला की फळी डोळ्याच्या रेषेत धरून ते अशीच बघतात, कुठे बाक राहिलाय का. पाच मिनिटांनी मी मागे बघितलं. रेघ सरळ. एकदम गुण्यात मारल्यासारखी.

“पहिल्यांदा?” तांडेलाने मला हळूच विचारलं. मी मान हलवली. सॉलिड अभिमान वाटला. पण तो तोंडावर दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

डावीकडे नौदलाची गोदी आली. तिथे फोटो काढायचे नाहीत, जवळही जायचं नाही. मी बाबांना वाडियांची गोष्ट सांगितली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, आणि त्यांच्या घराण्याने इथे पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. इंग्लंडात ओकची जहाजं बांधत, इथे मलबारच्या सागवानाची. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं होऊन गेली.

“मग?” बाबा म्हणाले. समोरची नजर हलली नाही. “सागवानाच्या अंगात तेल असतंय. पाणी आत शिरत नाही, वाळवी लागत नाही. माणूस जातंय, सागवान राहतंय.”

चारच्या सुमाराला गेटवे समोर आला. १९२४ साली बांधून पूर्ण झालेला हा दगडी दरवाजा आपण नेहमी पाठीमागून बघतो. तो खरं तर समुद्रावरून येणाऱ्यांसाठी बांधलाय. पाण्यातून बघा, मग कळतं.

रविवार : सातासमुद्रापार नव्हे, घारापुरी

मला वाटलं होतं, बाबा दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. सकाळी उठलो तर ते चहा करून, आंघोळ करून तयार. “आज सप्तमी. सव्वापाच. अकरानंतर निघावं लागंल ना?” म्हणजे आता मलाच शिकवत होते!

घारापुरी गेटवेपासून साधारण दहा किलोमीटर. भरती सुरू झाली होती, खारा वारा मागून. वाटेत मोठ्या जहाजांचं चॅनेल ओलांडावं लागतं. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि तिथे जाणारी कंटेनर जहाजं पाच-सहा मजली इमारतींसारखी अंगावर येतात. नियम असा की शिडाच्या बोटीला इंजिनच्या बोटीने वाट द्यायची. पण अरुंद चॅनेलमध्ये मोठं जहाज वळू शकत नाही, थांबायला तर त्याला मैल-मैल लागतो. तिथे शहाणपणा दाखवायचा नाही. एका जहाजाने पाच आखूड भोंगे दिले. समुद्रावरच्या भाषेत त्याचा अर्थ, ‘बाबा रे, तुझं काय चाललंय?’ तांडेलाने दांडा आपल्याकडे घेतला, शीड सैल सोडलं आणि ते धूड आरामात जाऊ दिलं. “त्याला दहा मिनिटं महाग, आपल्याला काय घाई?” हे वाक्य आमच्या डेडलाइनवाल्या पिढीने फ्रिजवर चिकटवायला हरकत नाही.

उत्तरेला अटल सेतूची रेघ दिसत होती. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा पूल एकवीस किलोमीटरहून लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. त्याच्या शिवडीकडच्या चिखलात हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. त्यावरून गाडीने वीस मिनिटांत पलीकडे जाता येतं. आम्हाला घारापुरीला पोचायलाच दीड तास लागला. कोण जिंकलं, तुम्हीच ठरवा.

घारापुरीच्या पायऱ्या बाबा लाइफ जॅकेट घालूनच चढले. लोक बघत होते, माकडंसुद्धा बघत होती, बाबांना फिकीर नाही. लेण्यातल्या त्या जवळपास वीस फुटी सदाशिवापुढे ते खूप वेळ उभे राहिले. मी गाइडसारखी माहिती द्यायला लागलो, युनेस्को, १९८७ वगैरे. त्यांनी हातानेच थांबवलं.

“आमचं बरंय,” ते म्हणाले. “चुकलं तर पट्टी जोडता येती. ह्यांनी एकदा छिन्नी मारली की मारली.”

या बेटावरच्या गावांना कायमची वीज समुद्राखालून केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. समोर झगमगती मुंबई आणि मधल्या दहा किलोमीटरसाठी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं. बाबांना त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. किनवट तालुक्यातले पाडे त्यांनी पाहिलेत.

परतताना वारा तोंडावर. आता शिडाची बोट वाऱ्याच्या थेट उलट जाऊ शकत नाही. पंचेचाळीस अंशांत आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अशी नागमोडी चढत जायची. याला टॅकिंग म्हणतात. प्रत्येक वळणाला शीड डोक्यावरून सपकन पलीकडे जातं. डोकं खाली घालायचं विसरलात तर टेंगूळ फ्री! सरळ दिसणारा गेटवे गाठायला आम्ही किती वेळा आडवे गेलो, मोजलंच नाही.

“असं तिरकं तिरकं जाऊन पोचता व्हय तुम्ही?” बाबांनी विचारलं.

“समोरून वारा असला की असंच जावं लागतं.”

“तुझं काम बी असंच दिसायलंय.”

मी बघितलं. चेष्टा करत नव्हते. गेल्या पाच वर्षांत माझ्या करिअरवरची ही त्यांची पहिली कॉमेंट. आणि मी ती कॉम्प्लिमेंट म्हणून घेतली.

श्रीमंतांचा खेळ?

सेलिंग म्हणजे पांढऱ्या पँटी आणि क्लबची मेंबरशिप, असं आपल्याला वाटतं. थोडं खरं आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा, तेव्हा ती मंडळी साहेबच होती. पण शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय म्हणजे नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला ते याच मुंबई बंदरातून निघाले आणि १९ मे २०१० ला इथेच परतले. त्यांची बोट ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच बोट घेऊन, कुठेही न थांबता तोच पराक्रम केला. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. वाऱ्याचं बिल येत नाही. बोट चार-पाच मित्रांत वाटून घेतली तर एका बऱ्या हॉटेलातल्या पार्टीइतकाच खिसा हलका होतो.

सोमवारी दुपारी बाबांना नंदीग्राममध्ये बसवून दिलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, “पोहायला शीक. एवढा मोठा झालास.” जणू इतकी वर्षं मीच नाही म्हणत होतो!

गुरुवारी सकाळी फोन आला. “आज एकादशी. तुमच्याकडं सव्वाआठला भरती ना?”

मी टाइड टेबल उघडून बघितलं. आठ वाजून वीस मिनिटं.

“हो बाबा,” म्हटलं. “बरोब्बर सव्वाआठ.”

तुम्हालाही जायचंय?

• सीझन : ऑक्टोबरअखेर ते मे. जून ते सप्टेंबर बोटी बाहेर काढून ठेवतात. तेव्हा कुणी नेतो म्हणालं तरी जाऊ नका.

• वेळ : शिकायचं असेल तर सकाळ, थरार हवा असेल तर दुपारी दोननंतर. मधल्या शांततेची तयारी ठेवा.

• कुठून : गेटवे आणि मांडवा. कुलाब्याच्या क्लबांमध्ये आणि मांडव्याच्या सेलिंग स्कूलमध्ये बिगिनर कोर्सची चौकशी करा. मांडव्याला गेटवेवरून बोट आहे, शिवाय मार्च २०२० मध्ये सुरू झालेली, गाडीसकट नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून सुटते.

• सोबत : टोपी, सनस्क्रीन, पाणी, सुका खाऊ, मऊ तळव्याचे बूट, ओळखपत्र. उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, नंतर नाही.

• नको : बुचर आयलंड, ऑयस्टर रॉक, मिडल ग्राउंड आणि नौदलाच्या जहाजांजवळ जाणं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात.

• लाइफ जॅकेट : पोहता येत असलं तरी घालायचंच. बकलं तीन. तिन्ही लावा.